वडिलांचे येणे

ऑगस्ट १९१८. फ्रान्समधील बाझोश गावाजवळ मशीनगनचा मारा सुरू असताना विल्यम शेमिन हे अमेरिकी सार्जंट तीनदा आडोशाबाहेर पडले आणि जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी घेऊन आले. अधिकारी ठार वा जखमी झाल्यावर तुकडीची धुराही त्यांनीच सांभाळली. अखेर एक गोळी शिरस्त्राण भेदून कानामागे रुतली. या पराक्रमाबद्दल त्यांना दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले.

पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रोपवाटिकेचा व्यवसाय उभारला. एका युद्धसोबत्याने लहानग्या एल्सीला सांगितले होते, की तिचे वडील ज्यू असल्यामुळेच त्यांना सर्वोच्च पदक नाकारले गेले. ते शल्य लेकीच्या मनात राहिले. १९७३ मध्ये वडील निवर्तले.

२००१ च्या कायद्याने ज्यू सैनिकांच्या पदकांचा फेरविचार सुरू झाला. पण त्यात पहिले महायुद्ध नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या एल्सींनी जुनी कागदपत्रे जमवली, लोकप्रतिनिधींचे उंबरठे झिजवले. २०११ मध्ये त्यासाठी नवा कायदा झाला. २ जून २०१५ रोजी, सत्त्याण्णव वर्षांनी, अध्यक्ष ओबामांनी ‘मेडल ऑफ ऑनर’ एल्सी व त्यांची बहीण आयना यांच्या हाती दिले.

वडिलांचे देणे फेडणारी मुले आपण पाहतो. हे येणे पैशाचे नव्हते आणि ज्यांचे होते तेही हयात नव्हते. तरीही लेकीने ती बाकी बुडीत धरली नाही.