पूर्ण चार्जची बॅटरी गोठत नाही

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात नोव्हेंबर ते एप्रिल या काळात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते, आणि डेट्रॉईट शहराच्या खालीच मिठाची मोठी खाण असल्यामुळे त्याचा तुटवडा या भागाला सहसा जाणवत नाही. हे मीठ जुन्या गाड्यांचा पत्रा खाऊन टाकते, म्हणून अशा गाड्यांचे मालक पहिल्या बर्फापूर्वीच गाडी गॅरेजमध्ये लावतात आणि वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत ती बाहेर काढत नाहीत. या व्यवस्थेत पत्रा वाचतो, परंतु चार-पाच महिने नुसत्या उभ्या राहिलेल्या बॅटरीचे काय होते, याचा विचार बहुधा ती निकामी झाल्यावरच केला जातो. प्रस्तुत लेखकाला ॲन आर्बर येथे १९६५ सालची एमजीबी सांभाळताना लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत जो अनुभव आला, त्यातून निघालेला निष्कर्ष असा की बॅटरीचा घात थंडीपेक्षा अर्धवट चार्ज करतो, आणि पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीला तीच थंडी उलट टिकवून धरते.

हा निष्कर्ष समजण्यासाठी बॅटरीच्या आत काय घडते ते पाहावे लागते. गास्तोँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे तत्त्व आजही तेच आहे: एका बाजूला शिशाच्या डायऑक्साइडची प्लेट, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र शिशाची प्लेट आणि दोहोंमध्ये सल्फ्युरिक आम्लाचे पाण्यातील द्रावण. बॅटरी वापरली जाते तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते आणि मागे राहिलेले द्रावण पातळ होत जाते. चार्ज करताना हीच क्रिया उलट होऊन आम्ल पुन्हा दाट होते. ही दाटी विशिष्ट गुरुत्वाने, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रावण किती पट जड आहे या आकड्याने, मोजतात. पूर्ण चार्ज असताना तो सुमारे १.२६५ असतो आणि असे द्रावण उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही; तोच आकडा १.१५० वर आला की गोठणबिंदू उणे १५ अंशांच्या आसपास येतो, आणि १.१०० वर तो उणे ८ अंशांपर्यंत चढतो. मिशिगनच्या जानेवारीत उणे १५ अंशांची रात्र ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. एकाच गॅरेजमध्ये, एकाच रात्री एक बॅटरी सुखरूप राहते आणि दुसरी फुटते, याचे कारण एवढेच आहे.

लेखकाच्या गाडीची रचना यात भर घालणारी होती. एमजीबी ही दोन आसनांची उघडी ब्रिटिश गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे, आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत १२ व्होल्टच्या एका बॅटरीऐवजी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत. त्या आसनांच्या मागे, जमिनीखाली लोंबणाऱ्या दोन लोखंडी पाळण्यांत ठेवलेल्या असल्याने सहज नजरेस पडत नाहीत, आणि जे नजरेस पडत नाही त्याची निगा राहत नाही. याशिवाय १९६७ पर्यंतच्या या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. भारतात मेकॅनिक शिकवतो तो नियम ‘आधी निगेटिव्ह काढा’ असा असला तरी त्यामागचे तत्त्व आधी अर्थची केबल सोडवण्याचे आहे, कारण अर्थ जोडलेला असताना दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्टसर्किट होते. म्हणून या गाडीत आधी पॉझिटिव्ह केबल सोडवावी लागते. चार्जरची लाल चिमटी मात्र अर्थ कोणताही असो, बॅटरीच्या धन टोकालाच लावायची असते.

पहिल्या हिवाळ्यात लेखकाने पुण्याच्या घरी लहानपणापासून पाहिलेली रीत पाळली. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठ-पंधरा दिवसांनी ती चालू करून थोडा वेळ तशीच ठेवावी, म्हणजे बॅटरी उतरत नाही, असा तो समज होता. त्यानुसार दर दुसऱ्या रविवारी चोक ओढून गाडी चालू केली जाई आणि पंधरा मिनिटांनी बंद केली जाई. या पंधरा मिनिटांत डॅशबोर्डवरचा लहान लाल दिवा मंद तेवत असे आणि रेस वाढवली तरच विझत असे. त्या दिव्याचा अर्थ लेखकाला तेव्हा कळला नाही. या गाडीत आजच्या अल्टरनेटरऐवजी डायनॅमो आहे, आणि इंजिन मंद गतीने फिरत असताना डायनॅमो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही. लाल दिवा नेमके तेच सांगत असतो. दुसरीकडे थंडीने घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टर प्रत्येक वेळी शे-दीडशे अँपिअर ओढत असतो, आणि तीन-चार प्रयत्नांची पाळी आली तर एका रविवारात दोन-तीन अँपिअर-तास सहज खर्ची पडतात. म्हणजे जो उपाय बॅटरी भरण्यासाठी योजला होता, तोच तिला दर पंधरवड्याला रिकामी करत होता. शिवाय एवढ्या थोड्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे जळणातून निर्माण होणारी वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये पाणी होऊन साचते, हे नुकसान वेगळेच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी किल्ली फिरवल्यावर एक ‘टक’ असा आवाज आला आणि पुढे काहीच झाले नाही. आसनांमागचे झाकण उघडले तेव्हा डाव्या बॅटरीची एक बाजू तळहाताच्या फुगवट्याएवढी बाहेर आली होती, मधल्या सेलचे बूच वर उचलले गेले होते आणि त्याखाली करड्या रंगाचा बर्फ दिसत होता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, आणि त्या प्रसरणाला जागा नसल्यामुळे प्लेटा वाकतात आणि पेटी तडकते. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावणे किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप देणे धोक्याचे असते, कारण त्यात स्फोट होऊ शकतो. म्हणून ती बाहेर काढून प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी घमेल्यात गळलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकताच ते फसफसून उठले, तेव्हा त्या बॅटरीचा निकाल लागला होता. नवी आणि जुनी बॅटरी एकापुढे एक जोडली तर दुबळी आधी उतरते आणि चार्ज होताना दोघींचे प्रमाण बिघडते, म्हणून उजवीही बदलावी लागली.

पुढच्या हिवाळ्यात पद्धत मुळापासून बदलण्यात आली. गाडी लावण्याच्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढून त्यांचा वरचा भाग सोड्याच्या पाण्याने पुसला गेला, कारण तिथे साचलेली ओलसर, आम्लट धूळ दोन टोकांमध्ये विजेची बारीक वाट तयार करते. हे पाणी सेलच्या आत जाऊ नये म्हणून बुचे घट्ट लावून ठेवावी लागतात. त्यानंतर दोन्ही पूर्ण चार्ज केल्या गेल्या आणि चार्ज झाल्यावर ठरलेल्या पातळीपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घातले गेले. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम गॅरेजचे दार किलकिले ठेवून, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून करण्यात आले.

त्यानंतर सहाही सेल हायड्रोमीटरने तपासले गेले. हायड्रोमीटर म्हणजे काचेच्या नळीत आम्ल ओढून घेणारी पिचकारी. तिच्यातला तरंगता भोपळा जितका वर राहील तितके द्रावण दाट. येथे एक फसगत होण्याचा संभव असतो. द्रावण थंड असेल तर ते मुळातच जड असते, त्यामुळे उणे ५ अंशांना दिसणारा १.२६५ हा आकडा प्रमाण तापमानाला आणला तर १.२४२ च्या आसपास भरतो. थंड गॅरेजमध्ये ‘भरलेली’ दिसणारी बॅटरी प्रत्यक्षात भरलेली नसते, आणि पहिल्या हिवाळ्यात मापन केले असते तरी या दुरुस्तीअभावी लेखकाचा गैरसमज कायमच राहिला असता.

उरला प्रश्न चार महिन्यांच्या स्वयं-विसर्जनाचा. कोणतीही तार न जोडता नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या रासायनिक क्रियेने हळूहळू उतरते, यालाच स्वयं-विसर्जन म्हणतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ही गती जवळपास दुप्पट होते आणि घटले की निम्मी होते. म्हणून बॅटऱ्या उबदार तळघरात न नेता थंड गॅरेजमध्येच लाकडी बाकावर ठेवल्या गेल्या. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज जुन्या काळच्या पेट्यांबाबत निराधार नव्हता, पण आजच्या प्लास्टिकच्या पेटीला तो लागू पडत नाही. बाक निवडला तो वाकण्याचा त्रास वाचावा म्हणून. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्टचा मेंटेनर लावण्यात आला. मेंटेनर म्हणजे बॅटरी भरली की व्होल्टेज आपोआप साडेतेराच्या आसपास उतरवून तेवढाच धरून ठेवणारा चार्जर. तापमान पाहून व्होल्टेज बदलणारा मेंटेनर घेणे श्रेयस्कर, कारण उणे १० अंशांना बॅटरीला तेवढ्याच कामासाठी सुमारे अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त लागतो. जुना साधा ट्रिकल चार्जर मात्र बॅटरी भरल्यावरही थांबत नाही आणि महिन्याभरात पाणी उडवून प्लेटा उघड्या पाडतो.

एप्रिलमध्ये सहाही सेलचे आकडे, तापमानाची दुरुस्ती करूनही, १.२६० च्या वर होते. बॅटऱ्या पाळण्यांत बसल्या, अर्थची केबल शेवटी जोडली गेली आणि किल्ली फिरवताच मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू झाली. कार्बुरेटर भरताच ती थांबली, आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू झाले.

मिशिगनमधला हा अनुभव महाराष्ट्रातल्या वाचकालाही परका नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी फियाट असो किंवा घरची मंडळी परदेशी गेल्यामुळे तीन महिने उभी असलेली नवी गाडी असो, तिथे गोठण्याची भीती नसली तरी उष्णतेमुळे स्वयं-विसर्जन अधिक वेगाने होते. त्यातच नव्या गाडीतली घड्याळे आणि अलार्म बंद अवस्थेतही वीज घेतात; हा प्रवाह केवळ २० मिलिअँपिअर धरला तरी शंभर दिवसांत ४८ अँपिअर-तास, म्हणजे लहान गाडीची अख्खी बॅटरी संपते. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात आणि मग ते चार्जने विरघळत नाहीत. तेव्हा गाडी दीर्घकाळ उभी करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, अर्थची केबल काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावून पाहावा, आकडा १२.४ च्या खाली दिसला तर शेजाऱ्याला गाडी चालू करायला न सांगता बॅटरी चार्जिंगला लावावी.