शिमल्याचे काचेचे बिऱ्हाड

मफलर गुंडाळून पर्वतीला जाणाऱ्या पुणेकराने थंडीविषयी फार बोलू नये, हे मला शिमल्याने शिकवले. तेथे व्हाइसरॉयसाठी १८८८ साली बांधून पुरा झालेला प्रासाद आहे. १९६५ पासून त्यात भारतीय उच्च अध्ययन संस्थान आहे. तेथे वाचन करावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी जवळच बालूगंजला बिऱ्हाड केले.

बिऱ्हाडाला दक्षिणेकडे काचेची बंदिस्त पडवी आणि आत काचेचीच दारे. दुपारी पडवीत असे ऊन भरे की सौ.ने पापडसुद्धा वाळवले असते. सूर्य डोंगराआड गेला की तीच काच गारठून जाई आणि दारांच्या फटींतून वारा अंगाला झोंबे. घर भाड्याचे, नवी दारे बसवणार कोण?

आम्ही कामाला लागलो. खळीने कागदाच्या पट्ट्या फटींवर चिकटवल्या, उंबऱ्याशी जुन्या धोतराची गुंडाळी लावली आणि आईने हट्टाने दिलेली गोधडी दारावर टांगली. ऊन असेतो ती वर, ऊन कलले की खाली. खोलीत चांगली ऊब राहू लागली. मीही मोठा फुशारलो.

जानेवारीत बर्फ पडले, वीज गेली, हीटर बंद. मी कोळशाची शेगडी पेटवून आत आणली आणि दारे घट्ट लावली. मध्यरात्री सौ.ने मला गदगदा हलवले.

"अहो, उठा ना! डोके फुटतेय."

माझेही डोके जड, पाय लटपटत होते. कसेबसे दार ओढले. कागद टरटर फाटले, गोधडी खाली आली आणि महिनाभर ज्याला शिव्या दिल्या तो वारा आत शिरला. त्यानेच आम्हांला वाचवले.

सकाळी मालकीणबाई चांगल्याच रागावल्या. "बेटा, बंद कमरे में अंगीठी कभी नहीं!" निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, बंद खोलीत तो झोपेतच माणसाला नेतो. हे मी वाचले नव्हते असे नाही; थंडीत आठवले नाही, इतकेच.

मग आम्ही खोलीचा नाद सोडून अंथरूण ऊबदार केले. दोन रजया, पायाशी गरम पाण्याची पिशवी, दारावर पुन्हा गोधडी. आणि वरचा झरोका मात्र थोडा उघडा.

परतल्यावर आईने विचारले, "गोधडी कामास आली का रे?"

"आली," म्हटले. त्या रात्रीची हकीकत तिला अजून सांगितलेली नाही. आता हा अंक घरी आल्यावर ती कळेलच!