बिलातली दहा टक्के खुशाली

पुण्यातल्या त्या हॉटेलात मी वेटरच्या हातात दोनशेची नोट ठेवायला गेलो आणि त्यानं ती घेतली नाही. घ्यायची इच्छा नव्हती असं नाही. त्यानं कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं, मग काउंटरवरच्या मॅनेजरकडं, आणि हळू आवाजात म्हणाला, "नको काका, हितं घेता येत नाही." त्या गोष्टीचा राग अजून माझ्या मनातनं गेलेला नाही. राग त्या पोरावर नाही, हे आधीच सांगतो.

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे. तिनं आग्रह केला म्हणून आम्ही इस्लामपूरहून (सरकारी कागदावर आता ईश्वरपूर) सगळे गेलो. मी, आमची ही, धाकटा मुलगा, भाऊ आणि वहिनी. बाणेरकडचं हॉटेल होतं, चांगलं होतं, जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

वाढायला जो मुलगा होता त्याचे कान आमच्याकडंच होते. दाल आल्यावर भाऊ म्हणाला, "आपल्या आक्ख्या मसुराची सर नाही याला," तसा तो हसला. "काका, इस्लामपूरचं का? मी शिराळ्याचा." मग काय, त्यानं आपल्या घरचं कार्य असल्यासारखं वाढलं. वहिनींना तिखट चालत नाही हे एकदा ऐकून त्यानं पुढची प्रत्येक गोष्ट विचारून आणली. पाण्याच्या बाटल्या घेऊ नका, साधं पाणी चांगलं आहे, असंही त्यानंच वाकून सांगितलं.

बिल आलं. पोरगी मोबाइल काढून पैसे देणार तेवढ्यात मी ते हातात घेतलं. माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं-औषधांच्या पावत्या बनवण्यात आणि कंपन्यांची बिलं तपासण्यात आयुष्य गेलं. आकडे वाचल्याशिवाय माझ्या हातून पैसा सुटत नाही. जेवण ६,२४० रुपये. त्याखाली बारीक अक्षरात 'एस. सी. १० टक्के', ६२४ रुपये. त्या दोन्हींची बेरीज ६,८६४. आणि त्या बेरजेवर अडीच-अडीच टक्के जीएसटी, म्हणजे १७१ रुपये ६० पैसे दोनदा. एकूण ७,२०७.

मी मुलीला विचारलं, हे एस. सी. काय? ती म्हणाली, "पप्पा, टॅक्स असतो तो." इंजिनिअर झालेली मुलगी. तिचा दोष नाही, निम्म्या लोकांना असंच वाटतं, आणि तसं वाटावं अशाच जागी तो आकडा छापलेला असतो. तो टॅक्स नाही. सर्व्हिस चार्ज आहे. सरकारकडं त्यातला पैसासुद्धा जात नाही, तो हॉटेलच्या गल्ल्यात जातो. हॉटेलच्या जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी आहे तो सरसकट ५ टक्के (मोठ्या तारांकित हॉटेलांचं वेगळं). इथं तर त्या चार्जवरही आमच्याकडनं जीएसटी घेतला होता. म्हणजे जो पैसा देणं माझ्या मर्जीवर आहे, त्याच्यावर मी कर भरायचा.

मी काउंटरवर गेलो. आमची ही मागनं म्हणत होती, राहू द्या हो. मॅनेजर नम्र होता. "सर, सगळीकडं असतंच." मी म्हटलं, सगळीकडं असलं म्हणून बरोबर होत नाही. "सर, मेन्यूत खाली लिहिलंय." मेन्यू मागवला. शेवटच्या पानाच्या तळाला, चष्मा असूनही मला मुलाकडनं वाचून घ्यावं लागेल एवढ्या अक्षरात, खरंच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, लिहिलं म्हणून लागू होत नाही, काढा. "सर, कोर्टात केस चालू आहे त्याची."

इथं माझा आवाज चढला, कारण हे मला नीट ठाऊक होतं. एप्रिल २०१७ मध्येच केंद्राच्या ग्राहक खात्यानं सांगितलं होतं की हा चार्ज ऐच्छिक आहे. कुणी ऐकलं नाही. मग ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं स्पष्ट मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानं लावायचा नाही, देत नाही म्हणून गिऱ्हाइकाला अडवायचं नाही, आणि जेवणाच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. तिथनं पावणेतीन वर्षं देशभर जो तो आपल्या मर्जीनं बिल फाडत होता. अखेर २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी सूचना कायम केल्या, दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च भरायला लावला, आणि गिऱ्हाईक याला कर समजून फसतं हेही निकालात सांगितलं. म्हणजे माझ्या पोरीचं जे झालं तेच. संघटना पुढं अपिलात गेल्या, ते मला माहीत आहे. पण अपील केलं म्हणजे निकाल पुसला जात नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मागं दोन-तीन माणसं पैसे द्यायला उभी होती, ती ऐकत होती. एकानंही आपलं बिल उघडून बघितलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. मॅनेजर म्हणाला, "सिस्टिममधनं निघत नाही सर, मालकांना विचारावं लागेल." मालक कुठं आहेत? "दुबईला." मी खुर्ची ओढून बसलो. मुलगी लाजेनं बाहेर जाऊन उभी राहिली. बराच वेळ गेला. मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावला, 'मराठीसाठी' हा आवाज त्यानं ऐकला, आणि नवं बिल निघालं. ६,५५२. साडेसहाशे रुपये वाचले.

इथवर मला समाधान होतं. मग मी त्या पोराला शोधलं आणि दोनशे द्यायला गेलो.

नोट घेतली नाही, पण तो आमच्या मागं गाडीपर्यंत आला, दार उघडायच्या निमित्तानं. मी विचारलं, हा चार्ज तुम्हा पोरांना मिळतो का? तो म्हणाला, "पगाराबरोबर काहीतरी येतंय. कधी पंधराशे, कधी दोन हजार. कसं धरत्यात ते सांगत नाहीत. भटारखान्यातल्यांना, भांडीवाल्यांनाबी त्यातलंच. काच फुटली की त्यातनंच कापत्यात." आणि टीप? "टीप घेतली की घरी. चार्ज लावतोय म्हणत्यात, वर आणि टीप कशाला." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही बरोबरच केलं काका. पण आजचं आमचं तेवढं कमी धरतील."

मग सांगा, मी कुणाचे साडेसहाशे वाचवले?

परत येताना खंबाटकीपासून पेठ नाक्यापर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. कायद्यानं मी बरोबर, त्यात शंका नाही. पण तो चार्ज खराच पोरांना मिळाला असता, कागदावर हिशोब देऊन मिळाला असता, तर मी दहा टक्क्यांना नाही म्हणालो असतो का? नसतो म्हणालो. मघाशी काउंटरवर मी "एक रुपया देणार नाही" असं म्हणत होतो, आणि पेठ नाका येईपर्यंत मला वाटायला लागलं की दहा टक्के काही फार नाहीत. दोन्ही मनापासून वाटत होतं. माझी हरकत रकमेला नाही. माझ्या हातानं द्यायचा पैसा मालकानं आपल्या हातानं काढून घ्यावा, कुणाला किती दिला ते सांगू नये, आणि वर त्याच पोराला माझ्याकडनं घ्यायची बंदी घालावी, याला हरकत आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात टीप म्हणजे पगार नव्हे असं ठरवलं. गिऱ्हाइकानं दिलेली टीप मालकाच्या हातून गेली तरी तो फक्त विश्वस्त म्हणून ती वाटतो, असं त्यात धरलं. विश्वस्तानं हिशोब दाखवायला नको?

आमच्याकडं ही पद्धत नाही. आक्खा मसूर, रोटी, कांदा, खर्डा, जेवण झालं की बडीशेपेच्या बशीत बिल. मालक गल्ल्यावर समोर बसलेला. दहा-वीस रुपये बशीत राहू द्यायचे, पोऱ्या ते उचलतो, मालक बघून न बघितल्यासारखं करतो. निदान असं होतं. आता तेही गेलं. जो तो भिंतीवरचा कोड स्कॅन करतो, ४३५ म्हणजे बरोबर ४३५ जातात, सुट्टे परत येतच नाहीत तर बशीत काय राहणार? यावर कुणी बोलत नाही. फोननं पैसे द्यायला लागल्यापासून खालच्या माणसाचे वरचे पैसे बुडाले, माझं हे स्पष्ट मत आहे. मी खिशात दहा-वीसच्या नोटा मुद्दाम ठेवतो, तुम्हीही ठेवा. आणि गावाकडच्या हॉटेलातही बिल वाचा. लहान हॉटेलं पुष्कळदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि बिलावर तसं छापावं लागतं. तरीही लावतात.

पण खरं सांगायचं तर हे हॉटेलापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या पोराचं बोलणं ऐकताना मला आठवत होता आमचा उसाचा फड.

वाळवा तालुक्यात ऊस ज्याचा आहे त्याला खुशाली सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पूर्वी ऊसतोड मजुरांची टोळी फड तोडून निघाली की शेतकरी आपण होऊन काही द्यायचा. कोंबडं, ज्वारी, बायकांना लुगडं, मुकादमाला शंभर-दोनशे. बीडकडनं घरदार सोडून आलेली माणसं, पहाटे थंडीत कोयता चालवणारी. देताना हात आखडत नसे. आता टोळी फडात शिरायच्या आधी मुकादम आकडा सांगतो. एकराला पाच-सहा हजार, ऊस पडला असेल तर जास्त. त्याशिवाय प्रत्येक खेपेला ड्रायव्हरची एंट्री वेगळी. नाही दिली तर गाडी फडात येत नाही, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आमच्याच एफआरपीतनं, म्हणजे उसाच्या ठरलेल्या दरातनं, आधी कापून घेतो. म्हणजे एकदा बिलात कापला, वर खुशाली, वर एंट्री. साखर आयुक्तालयानं यावर परिपत्रकं काढली, शेतकरी संघटनांनी आवाज उठवला. आकडा कमी झाला नाही.

इथं मात्र मला १९१५ लावता येत नाही. पुण्यात जेवून झालं होतं, पोट भरलेलं होतं, खुर्ची ओढून बसायला माझ्याकडं वेळ होता. इथं वर्ष-दीड वर्षाचं पीक उभं असतं. त्यामुळं तिथं सहाशेसाठी भांडणारा मी इथं हजारो रुपये पावतीशिवाय मोजतो. भाऊ हेच म्हणाला, "दादा, तिथं पेटला होतास, मुकादमापुढं गप्प बसतोस." मला राग आला, पण उत्तर देता आलं नाही.

त्यातही मला जास्त खुपतं ते वेगळंच. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलं झालं, वाढायलाच पाहिजे होता. पण गेल्या हंगामात मी फडातल्या एका बाईला विचारलं, खुशालीतले तुमच्याकडं किती आले? ती मोळी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "मुकादम उचलीत धरतो." म्हणजे तिनं आगाऊ घेतलेली जी उचल अंगावर आहे, त्यातनं वजा करतो. किती वजा केली? तिला माहीत नव्हतं. शिराळ्याच्या पोरालाही माहीत नव्हतं. ज्याच्या नावानं पैसा गोळा होतो त्यालाच आकडा कळत नाही, इकडंही आणि तिकडंही.

मुलीशी यावर फोनवर पुष्कळदा बोलणं होतं. तिचं म्हणणं, पगारच नीट द्या, टीप-बिप सगळं बंद करा. मला ते पूर्ण पटत नाही. पगार नीट द्यायलाच हवा, पण वहिनींचं तिखट ज्यानं लक्षात ठेवलं त्याच्या हातावर काही ठेवावंसं मला वाटलं, ते पगारानं कसं भागेल? ती म्हणते, तुम्हाला दिल्याचं समाधान पाहिजे असतं. असेल. त्यात वाईट काय आहे हे मला कळत नाही.

यंदा माझी आडसाली लागण डिसेंबरात तुटायला येते. मुकादमाला मी आधीच सांगून ठेवलंय: खुशाली देणार, ठरलेल्या आकड्याला एक रुपया कमी नाही, पण शेवटची गाडी भरल्यावर, फडातच, प्रत्येक कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, त्याच्या त्याच्या हातात. तो म्हणाला, "तसं कुणी देत नाही, सगळ्यांचं माझ्याकडंच असतंय." मी म्हटलं, विचार कर. त्यानं अजून काही कळवलेलं नाही. उसाला तुरा यायच्या आत त्याचं उत्तर आलं नाही तर दुसरी टोळी बघावी लागेल, आणि दुसरी टोळी मिळणं यंदा अवघड आहे.