प्रबंध दिसतो, पण सापडतो का?

पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला की काम संपले, असे घरच्यांना वाटते. मग घरात रोज प्रश्न, "आता काय राहिलं?" राहिलेले असते ते विद्यापीठाच्या नियमांत बसवण्याचे काम. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच जागा, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच, ओळींत दीडपट अंतर, सुरुवातीच्या पानांना वेगळे आकडे, पहिल्या प्रकरणापासून नवे. बहुतेक विद्यापीठांत थोड्याफार फरकाने हेच असते.

विट्याची माझी भाची सध्या यातच अडकली आहे. घराला लागून यंत्रमाग, दिवसभर खटखट, आणि या पोरीने त्या आवाजात साडेतीनशे पाने लिहिली. विषय आहे मराठी संतकवितेतले सूफी शब्द. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम' हा तिच्या अभ्यासाचा गाभा. परवा तिचा फोन आला, "मामू, डीटीपीवाले म्हणतात, जुन्या फॉन्टमध्ये करून देतो, छापल्यावर एकदम झकास दिसेल. देऊ का?"

मी म्हटले, थांब.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरे मराठी नसते. आत इंग्रजी अक्षरे व खुणा साठवलेल्या असतात, त्यांवर मराठीचा मुखवटा असतो. कागदावर काही बिघडत नाही. पण प्रबंध आता कागदावर थांबत नाही. यूजीसीच्या नियमांमुळे त्याची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर जाते. तिथे उद्या कुणी 'शेख महंमद' असे शोधले, तर त्या पानांतून काहीच हाती लागत नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो मजकूर नीट वाचता येत नाही. २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. पण मोजायला आधी यंत्राला अक्षर कळले पाहिजे.

आपल्या विषयांवर लिहिणाऱ्यांना हे जास्त जाचते. मुस्लिम मराठी साहित्य, दख्खनी, सूफी परंपरा यांवरचे काम मुळात कमी. जे आहे तेही शोधून सापडले नाही, तर पुढच्या संशोधकाला वाटणार, या वाटेने कुणी गेलेच नाही. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार.

भाचीची दुसरी अडचण लिप्यांची. एकाच परिच्छेदात मराठी वाक्य आणि त्यात उर्दू किंवा फारसी ओळ. ती ओळ उजवीकडून डावीकडे जाते. नेहमीच्या वर्डमध्ये अशा वेळी कंस उलटा होतो, पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसतो. नस्तालीक अक्षरे तिरकी उतरत येतात, त्यामुळे ओळींचे अंतरही विस्कटते.

म्हणून तिला लाटेक शिकायला लावले. याचे मूळ टेक. डोनाल्ड नुथ या गणितज्ञ-संगणकतज्ञाला १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची कच्ची छपाई इतकी वाईट दिसली, की त्याने अक्षरजुळणीची स्वतःची प्रणालीच लिहायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने त्यावर लाटेक उभारले आणि जोनाथन क्यूच्या झीटेकमुळे युनिकोड व संगणकातले फॉन्ट थेट वापरता येऊ लागले. हे सगळे फुकट मिळते.

मागावर उभे धागे एकदा नीट लावले की पुढचे कापड त्याच मापाने निघते, तसेच इथे आहे. समास, अंतर, पृष्ठक्रमांक सुरुवातीला एकदाच लिहायचे. मग प्रकरण मागेपुढे केले तरी अनुक्रमणिका आणि तळटीपांचे आकडे आपोआप बदलतात. भाषा मराठी आहे असे सांगितले, की फॉन्टमध्ये सोय असल्यास 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. उर्दू ओळीला तिची भाषा आणि नस्तालीक फॉन्ट नेमून दिला, की कंस आपल्या जागी राहतो.

तिला सर्वांत आवडले ते नावांचे. महंमद, महमद, मोहम्मद, मुहम्मद: आपल्या नावांची किती रूपे! तिने मुख्य नावांसाठी एकेक आज्ञा करून ठेवली. मार्गदर्शकांनी रूप बदलायला सांगितले, तर एका जागी बदलायचे, साडेतीनशे पानांत बदल होतो. मूळ ग्रंथातल्या अवतरणांत मात्र ही आज्ञा वापरायची नाही. तिथे ग्रंथात जसे आहे तसेच राहिले पाहिजे.

पहिला आठवडा जड गेला. एक महिरपी कंस राहिला की पानच तयार होत नाही. आता हात बसतो आहे.

सर्वांनी लाटेकच शिकावे असे नाही. वर्डमध्ये युनिकोड टंकन करून शीर्षकांना ठरावीक शैली लावली, तरी निव्वळ मराठी प्रबंध उत्तम होतो. पण जमा करण्याआधी एवढे करा: तयार पीडीएफमधली एक ओळ उचला आणि साध्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. मराठी वाचता आली तर बरेचसे साधले. काना-मात्रा तेवढ्या तपासून घ्या. अगम्य खुणा उमटल्या, तर बांधणीला देऊ नका. चार वर्षांची मेहनत आहे, ती पुढच्याला सापडली पाहिजे.