कूलर, एसी आणि कुरड्या

'ग्लोबल वॉर्मिंग' हा विषय आपल्याला काही नवीन नाही. शाळेत निबंध, अकरावीत प्रोजेक्ट आणि इंजिनिअरिंगला आल्यावर पर्यावरणाचा तो एक पेपर, ज्याचा अभ्यास आदल्या रात्री अकरानंतर सुरू होतो! पण आमच्या अकोल्याच्या घरी हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे फक्त 'ऊन' असतं. ते जास्त असतं किंवा लई जास्त असतं.

मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 च्या पुढे गेला आणि उन्हामुळे जिल्ह्यात 31 मेपर्यंत कलम 144 लागू झालं. एरवी दंगलीत ऐकू येणारं कलम! होस्टेलवर ही बातमी वाचून लोक हसले. "पकडणार कोणाला, सूर्याला?" वगैरे. मलाही हसू आलं, पण घरी फोन लावल्यावर कोणी हसत नव्हतं.

कारण त्याच आठवड्यात आमच्या आजीला चक्कर आली होती. तीही भर दुपारी नाही, रात्री दीड वाजता, कूलरसमोर. दवाखान्यात सलाईन लावून दोन दिवसांनी ती घरी आली. डॉक्टर म्हणाले, दुपारचं ऊन माणूस टाळतो हो, पण रात्रीही खोली तापलेली राहिली तर म्हाताऱ्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. रात्री तरी त्यांना थंड ठेवा. एसी घ्यायचा की नाही, हा आमच्या घरातला महाप्रश्न तिथून सुरू झाला.

ऊन वाढलंय, यावर घरात दुमत नाही. पेपरात वाचतो तसा 'हवामान बदल थोतांड आहे' म्हणणारा आमच्या नात्यात एकही नाही. भांडण आहे ते कशामुळे आणि कोणामुळे यावर. बाबांचं म्हणणं, सगळं रस्ते रुंद करताना तोडलेल्या झाडांमुळे आणि सिमेंटच्या स्लॅबमुळे. गावाकडचं धाब्याचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं छत; तिथे दुपारी गारवा असायचा. (ते घर सोडून स्लॅबचं बांधलं कोणी, हे विचारायचं नसतं.) आईच्या मते खरा प्रश्न पाण्याचा आहे, उन्हाचा नाही. आणि आजीचं निरीक्षण असं:

"आमच्या टायमाले बी ऊन असंच तापे. पण पाहाटी गच्चीवर गोधडी घ्या लागे. आता भिंती रातभर तापते."

गंमत म्हणजे तिघांत शास्त्राच्या सगळ्यात जवळ आजीच आहे. रात्री जमीन आपली उष्णता इन्फ्रारेडच्या रूपाने वर सोडते आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू त्यातला काही भाग परत खाली पाठवतात. रात्री तापण्याचं ते एक कारण. बाबांचा स्लॅबही अर्धा बरोबर आहे, कारण दिवसभर प्यालेली उष्णता तो रात्री ओकतो.

आता कूलर. विदर्भाबाहेरच्या मित्रांना कूलर म्हणजे एसीचा गरीब भाऊ वाटतो. तसं नाही. हवा 44 अंशांची आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर वेट बल्ब तापमान 25 च्या आसपास येतं. म्हणजे पत्र्याचा डबा, वाळ्याच्या ताट्या, एक पंखा आणि टिल्लू पंप एवढ्या भांडवलावर खोलीत 28-29 अंशांची हवा! मेकॅनिकलच्या मुलांनी सायक्रोमेट्रिक चार्ट काढून खात्री करून घ्यावी (परीक्षेतही उपयोगी पडेल). पण जूनमध्ये ढग आले, आर्द्रता पन्नासच्या वर गेली की हाच कूलर नुसती ओली हवा मारतो. शिवाय पाणी. मे महिन्यात साठ लिटरची टाकी एक दुपार पुरत नाही, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही. कूलरमध्ये बादली ओतताना आईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

म्हणून आई एसीच्या बाजूने आणि बाबा विरोधात. बाबांना पृथ्वीची काळजी नव्हती, 300 युनिटांच्या वरच्या स्लॅबची होती. मी आपलं शिक्षण दाखवायला हिशोब मांडला: दीड टनाचा एसी, रात्री आठ तास, तासाला एक युनिट धरलं तर महिन्याला 240 युनिट. कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आजीच्या झोपेसाठी महिन्याला दीड क्विंटलच्या वर कोळसा!

हे नेमकं मामासमोर बोललो. मामा पारसच्या औष्णिक केंद्रात नोकरीला. अकोल्यापासून जवळच, 250 मेगावॅटचे दोन संच. मामाने चहा खाली ठेवला आणि म्हणाला, "मग तुह्या आजीनं उकडून मरावं काय? अमेरिकेतला माणूस वर्षाले 14 टन सोडते, आपला दोन. पहिले त्याहीले सांग." आकडे त्याचे बरोबर होते. माझेही बरोबर होते. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमधले काही पैसे मामाने दिलेत, म्हणजे ते कोळशातूनच आले, हेही बरोबर. तेव्हा मी गप्प बसलो. आजही मामाला काय उत्तर द्यावं हे मला सुचत नाही.

माझा रूम पार्टनर चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला त्यांच्या घरात पाणी शिरलं. तेव्हापासून त्यांचा फ्रीज आणि धान्याचे डबे वरच्या मजल्यावर असतात. घरी कोणी हवामानावर चर्चा करत नाही म्हणे. पूर होता, येतो, 2005 लाही आला होता. पण नवीन कपाट घ्यायचं ठरलं तर आधी 'वर चढेल का' हे बघतात. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे?

शेवटी मार्च 2025 मध्ये एसी आला, आजीच्या खोलीत. रिमोट बाबांच्या खिशात. 27 च्या खाली जायचं नाही आणि सोबत पंखा चालू, हा नियम. रात्री सगळं घर त्याच खोलीत गाद्या टाकून झोपतं. पूर्वी गच्चीवर झोपायचे तसं. फरक इतकाच की आता खिडक्या बंद असतात आणि आजी अधूनमधून उठून एक उघडते, "कोंडल्यावानी होते" म्हणून.

पहिलं बिल आल्यावर बाबा दोन दिवस शांत होते. तिसऱ्या दिवशी सोलरवाल्याला घेऊन आले. फेब्रुवारी 2024 च्या सरकारी योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, शेजारच्यांनी बसवलंय आणि त्यांचं बिल जवळजवळ शून्यावर आलंय, एवढं बाबांना पुरेसं होतं. पारसचा कोळसा वाचेल हे मी हळूच सुचवून पाहिलं. "हो, ते पण," बाबा म्हणाले.

अडचण जागेची निघाली. तीन किलोवॅटला तीनशेएक चौरस फूट लागतात, आणि गच्चीचा उन्हाचा तेवढाच भाग पापड-कुरड्यांचा. आई आणि आजी, ज्यांचं इतर कशावर एकमत होत नाही, त्या यावर एक झाल्या. सोलरवाला पोरगा हुशार. म्हणाला, "काकू, स्ट्रक्चर आठ फूट उंच करून देतो. खाली अख्खी गच्ची मोकळी."

आजीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अन् सावलीत कुरड्या कशा वायतीन रे बाप्पा?"

कोटेशन अजून टीव्हीवर ठेवलेलं आहे.