स्टिअरिंगचा प्ले

हिंदी सिनेमातला नायक सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहतो, तशीच बाबा आमची प्रीमिअर पद्मिनी चालवायचे. गाडी अशीच चालवतात, असा आम्हा भावंडांचा पक्का समज होता. बाबांच्या हातांना तर त्या प्लेची, म्हणजे स्टिअरिंगमधल्या ढिलेपणाची, इतकी सवय झाली होती की, दुसऱ्याची घट्ट गाडी त्यांना जड वाटे.

नाशिकचे आमचे मिस्त्री मात्र हसायचे. बाबांना आत बसवायचे आणि स्वतः गाडीखाली शिरायचे. "साहेब, नुसतं हलकं हलवा, चाकं फिरू देऊ नका." एकेका जोडावर हात ठेवायचे. जोडाची एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा आली, की प्ले तिथेच. पद्मिनीचा गिअरचा दांडाही स्टिअरिंग कॉलमलाच. डॅशबोर्डखाली कॉलम धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल झाले की गिअर टाकताना अख्खा कॉलम डुलायचा आणि बाबा गिअरबॉक्सला शिव्या घालायचे.

स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूला मिस्त्री सगळ्यात शेवटी हात लावत. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून बॉक्स मधोमध जास्त झिजतो. तिथला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर वळणावर स्टिअरिंग अडकतं. कसारा घाटात हे कोणाला परवडेल?

पुढे माझी मारुती ८०० आली. तिला रॅक-पिनियन, बॉक्सची कटकटच नाही. टाय रॉडचे एन्ड बदलले की झालं.

माझ्या हल्लीच्या गाडीत पॉवर स्टिअरिंगची मोटरही कॉलमवरच असते. खड्ड्यात 'कट्-कट्' वाजू लागलं, तेव्हा एका वर्कशॉपने सरळ अख्खा कॉलम बदलायला सांगितला. मी आधी स्टिअरिंग वर-खाली दाबून आणि स्वतःकडे ओढून पाहिलं. कॉलम ढिम्म, म्हणजे ब्रॅकेट, बेअरिंग ठीक. मग मिस्त्रींच्या पद्धतीने मुलाला स्टिअरिंगवर बसवलं आणि पेडलजवळच्या जोडावर हात ठेवला. बोल्ट घट्ट होता, पण जोडातला क्रॉस झिजला होता. तेवढा मधला शाफ्ट बदलला, आवाज गेला.

शाफ्ट काढण्यापूर्वी चाकं सरळ करून जोडावर खूण करतात आणि स्टिअरिंग बांधून ठेवतात. ते मोकळं गरगरलं, तर एअरबॅगकडे जाणारी गुंडाळलेली वायर तुटते. आणि जोडाचा बोल्ट सैल राहून जोड निसटला, तर स्टिअरिंग फिरतं पण चाकं वळत नाहीत. म्हणून प्ले घरी जरूर तपासा, पण पाना गॅरेजवाल्याच्याच हाती द्या.