एंटर दाबणारी माणसं

सॉफ्टवेअर वापरताना गडबड झाली तर चूक वापरणाऱ्याची, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत आलो. कुणाला तोंडावर तसं म्हटलं नाही. पण फोन ठेवल्यावर सहकाऱ्याकडे बघून मान हलवायची आणि 'यांना शिकायचंच नाहीये' असं पुटपुटायचं, हे नित्याचं होतं. रत्नागिरीत राहून पतसंस्था, आंब्याचे व्यापारी, दुकानदार यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणं हा माझा व्यवसाय. मारुती मंदिरापासून गोखले नाक्यापर्यंत चालत गेलं तरी वाटेत गिऱ्हाईक भेटतं, इतकं सगळं जवळ. तरीही त्यांच्या टेबलाशी बसून ही माणसं काम कसं करतात, हे मी कधी नुसतं बघितलं नव्हतं. गेलो तो शिकवायला.

माझ्या डोक्यात एक क्रम पक्का होता. कीबोर्ड जुना, माउस त्याच्यानंतरचा, टच सगळ्यांत नवा. आणि माणसानं या क्रमानं पुढे सरकायचं. जो अजून कीबोर्डला चिकटून आहे तो मागे राहिला. त्यातही एंटर दाबत दाबत काम करणाऱ्या माणसांची मला कीव यायची. लिहितानाही लाज वाटते, पण भावना तीच होती.

हे तंत्र कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण माझा पूर्वग्रह त्यातच मुरलेला होता. की दाबली की संगणकाला एक क्रमांक जातो, सोडली की दुसरा. माउसचं बटण खाली जाणं आणि वर येणं या दोन वेगळ्या घटना. पडद्यावर बोट टेकलं, सरकलं, उचललं, की प्रत्येकाची वेगळी वर्दी येते. या वर्दीला आम्ही इव्हेंट म्हणतो, आणि कोणती वर्दी आली की काय करायचं हे लिहून ठेवणं हे आमचं काम. वर्दीत एवढंच असतं: कोणती की, पडद्यावर कुठे, कोणत्या क्षणी. त्या माणसाची नजर कुठे होती, दुसऱ्या हातात काय होतं, समोर रांग किती होती, यातलं काही नसतं. जे वर्दीत नाही त्याचा विचार करायची गरज नाही, असं मी धरून चाललो होतो.

गावातल्या एका पतसंस्थेत डॉसवर चालणारा फॉक्सप्रोचा जुना प्रोग्रॅम होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तो काढून ब्राउझरमध्ये चालणारा नवा प्रोग्रॅम मी बसवला. मोठी बटणं, तारीख निवडायला कॅलेंडर, नीट आखलेले रकाने. मला त्याचा अभिमान होता. आठवड्याभरात तक्रार आली की पावती अर्धवटच जाते.

कारण मला लगेच कळलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर दाबला की कर्सर पुढच्या रकान्यात जायचा. १९८६ साली सुरू झालेल्या टॅलीनंही हीच सवय लावली. आपल्याकडच्या हिशेबनिसांचे हात तिच्यावरच घडले आहेत. ब्राउझरचा रिवाज निराळा. तिथे पुढच्या रकान्यात जायला टॅब, आणि एंटर म्हणजे सगळा फॉर्म पाठवून देणं. कॅशियर ताई खाते क्रमांक टाकून एंटर दाबायच्या आणि बाकीचे रकाने रिकामे असतानाच पावती निघायची. मी काय केलं? 'एंटर दाबू नका, टॅब दाबा' असा कागद छापून त्यांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवला. चार ओळी कोड बदलण्याऐवजी मी एका अनुभवी बाईचा हात बदलायला निघालो होतो.

मत फिरलं ते एका महिनाअखेरीला. प्रिंटर बिघडला म्हणून गेलो होतो. काउंटरवर गर्दी होती, त्यामुळे काम थांबवता येईना. मी ताईंच्या मागे स्टूल घेऊन बसलो. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांचे हात बघू लागलो.

डावा हात भरणा स्लिपांच्या गठ्ठ्यावर. अंगठ्यानं एकेक स्लिप उलटत होत्या. उजवा हात नंबर पॅडवर. नजर स्लिपेवर, पडद्यावर नाही. नंबर पॅडवरच्या पाचाला बारीकसा उंचवटा असतो. मधलं बोट तो चाचपून जागा घेत होतं आणि बाकीचे आकडे आपोआप सापडत होते. त्याच पॅडच्या कोपऱ्यात, करंगळीखाली एंटर. टॅब मात्र कीबोर्डच्या थेट डाव्या टोकाला. म्हणजे मी सांगितलेली की दाबायची तर डाव्या हातातला गठ्ठा सोडायला हवा, नाहीतर उजवा हात सगळा कीबोर्ड ओलांडून न्यायला हवा. ताईंनी तिसराच मार्ग काढला होता. आकडा टाकायचा, हात उचलून माउसवर न्यायचा, मान वर करून कर्सर शोधायचा, पुढच्या रकान्यात क्लिक करायचं, हात परत पॅडवर, पुन्हा पाचाचा उंचवटा, पुन्हा स्लिपेवर कुठे होतो ते शोधायचं. प्रत्येक रकान्याला हेच. रांगेतले एक आजोबा दोनदा घड्याळ बघून झाले होते. ताई काही बोलल्या नाहीत, कागदाकडे बघितलंही नाही. मीच विचारलं, "जुन्या प्रोग्रॅमात जास्त सोपं पडायचं का हो?"

"सोपं म्हणजे," त्या हात न थांबवता म्हणाल्या, "बघायला लागायचं नाही."

मी त्या वाक्यापाशी अडकलो. पडदा सुंदर करण्यात मी महिने घालवले होते, आणि ज्या बाईसाठी केला तिचं कौशल्यच मुळी पडद्याकडे न बघण्यात होतं. माणसाचा वेळ लागतो तो डोळे आणि हात इकडून तिकडे नेण्यात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. समोर घडताना बघितलं नव्हतं.

याहून वाईट गोष्ट त्याच दुपारी लक्षात आली. पावती पाठवल्यावर माझं नवं पान उघडायला क्षणभर लागायचा. ताईंची बोटं तेवढ्यात पुढच्या खाते क्रमांकावर गेलेली असत. आकडे दाबले जायचे, पण पान अजून तयार नाही, त्यामुळे पहिले एकदोन आकडे हवेत जायचे. उरलेल्या आकड्यांनी भलतंच खातं उघडायचं. जुन्या संगणकात असं होत नसे. आयबीएम पीसीच्या रचनेत कीबोर्डसाठी एक छोटी राखीव जागा होती. पंधरा कींपर्यंतचे ठोके तिथे ओळीनं थांबायचे, आणि प्रोग्रॅम मोकळा झाला की ते त्याच क्रमानं उचलायचा. बोटं पुढे पळाली तरी काही सांडायचं नाही. ताईंची बोटं वर्षानुवर्षं त्या भरवशावर पळत होती. तो भरवसा मी काढून घेतला होता, आणि तो होता हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या तक्रार वहीत मात्र तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: 'ऑपरेटरने खाते क्रमांक चुकीचा टाकला.' अक्षर माझं.

घरी आल्यावर पहिला विचार आला तो स्वतःच्या बचावाचाच. जग माउसकडे गेलं, त्याला मी काय करणार? माउसची गोष्ट मी कॉलेजच्या मुलांना उत्साहानं सांगत आलो होतो: ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को, डग्लस एंगलबार्टनं भरल्या सभागृहात माउस चालवून दाखवला. त्या प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण पुन्हा लावलं. एंगलबार्टच्या उजव्या हाताखाली माउस आहे, मधे कीबोर्ड आहे आणि डाव्या हाताखाली पाच कींची एक वेगळीच पट्टी आहे. त्या पाच कींच्या जुळण्या करून तो डाव्या हातानं आज्ञा देतो. दोन्ही हात कामात आहेत. माउसनं कीबोर्ड मोडीत काढला ही कहाणी माझी होती, त्याची नव्हे.

मग मी माझ्याच संगणकाचा माउस काढून ठेवला आणि माझाच प्रोग्रॅम चालवून बघितला. कॅलेंडरपर्यंत पोचताच येईना. एक बटण तर असं होतं की कीबोर्डवरून ते दाबायची सोयच नव्हती. दृष्टिहीन माणूस पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन कीबोर्डवरच काम करतो. त्याच्यासाठी माझ्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग अस्तित्वातच नव्हता. सगळं काही कीबोर्डवरून करता आलं पाहिजे ही वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतली सगळ्यांत प्राथमिक पातळीची अट आहे, आणि आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. दोन्हींविषयी मी ऐकून होतो. ते मोठ्या सरकारी संकेतस्थळांसाठी असेल, असं म्हणून सोडून दिलं होतं.

एंटरचं काम एका संध्याकाळी झालं. आकड्यांचे ठोके धरून ठेवायची सोय करायला जास्त वेळ लागला. कागद ताईंनीच काढला.

पण एकदा शंका शिरली की ती एका रकान्यावर थांबत नाही. नावांचंच घ्या. नावाच्या रकान्यात आकडे येऊ नयेत म्हणून मी प्रत्येक ठोक्याला तपासणी लावली होती: अक्षर असेल तर आत, नसेल तर बाहेर. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. माझ्या तपासणीनं ती सगळी बाहेर काढली. 'मीनाक्षी'चं 'मनकष' झालं. त्यातून ताई टायपिंग क्लासला जाऊन मराठी ३० ची परीक्षा पास झालेल्या, हात रेमिंग्टनचा. त्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर नंतर, कारण टाइपरायटरवर ती कागदावर आधी उमटते. संगणकात मात्र ती अक्षरामागे साठवली जाते. मधलं सॉफ्टवेअर वेलांटी हातात धरून अक्षराची वाट बघतं आणि मग जोडी लावून पुढे देतं. मी त्या वाट बघण्याच्या मधेच हात घालत होतो. मोबाइलवर तर आणखी निराळं. तिथले बरेच कीबोर्ड कोणती की दाबली ते सांगतच नाहीत, '२२९' एवढाच आकडा देतात. अर्थ असा की शब्द अजून घडतो आहे, थांबा. ठोक्याठोक्याला हटकायचं सोडून, लिहून झालेला शब्द तपासायचा, एवढाच उपाय होता. तो न करता मी पतसंस्थेला काय सांगितलं होतं? 'नावं इंग्रजीत टाका.' रत्नागिरीत, मराठी माणसानं, मराठी माणसांना. या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचतं ते हे.

आणि पिग्मीवाले काका. रोज संध्याकाळी बाजारपेठेत दुकान ते दुकान फिरून पैसे गोळा करणारे. त्यांच्याकडे पूर्वी रबरी बटणांचं यंत्र होतं. ते काढून मी मोबाइल ॲप दिलं आणि जून उजाडला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. टचचा पडदा बोटामुळे होणारा विद्युतभारातला फरक ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच फरक करतो, आणि पडदा भिजला की खरं बोट त्यात हरवतं. काकांनी छत्री मानेत अडकवलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्यानं आकडे. अँड्रॉइडचं मार्गदर्शन बटण साधारण नऊ मिलिमीटरचं ठेवा असं सांगतं. माझी बटणं नाजूक दिसावीत म्हणून त्याहून लहान होती. त्यात 'जमा' हे बटण मी बोट टेकताक्षणी काम करेल असं लिहिलं होतं. योग्य रीत अशी की बोट उचललं, आणि तेव्हाही ते त्याच बटणावर असलं, तरच काम व्हावं. चुकून टेकलं तर सरकवून सोडून देता यावं. वेबच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीत हे लिहिलेलं आहे. मला ते माहीत होतं. टेकताक्षणी झालं की ॲप चपळ वाटतं, म्हणून मी ते मोडलं. लोकांच्या दिवसाच्या बचतीच्या बटणावर मी चपळाईची हौस भागवली.

आता बटणं मोठी आहेत, बोट उचलल्यावरच काम होतं. प्रत्येक पावतीला उघडतानाच क्रमांक मिळतो, त्यामुळे कुणी दोनदा दाबलं तरी रक्कम एकदाच जमा होते. 'बटण एकदाच दाबा' ही लाल अक्षरांतली सूचना मी काढून टाकली. काकांना तरीही जुनं यंत्रच बरं वाटतं. पावसात ते बरं होतंच.

एक प्रश्न मात्र अजून माझ्यासमोर पडून आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये एफ५ दाबलं की मागच्या पावतीवरचं नाव आणि खातं पुन्हा समोर यायचं. एकाच घरच्या चार पावत्या असल्या की ताईंना ते फार उपयोगी पडे. ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे पान नव्यानं उघडणं, आणि भरलेलं सगळं जाणं. ती की मला ताब्यात घेता येते, ब्राउझर तेवढी मुभा देतो. पण दुपारनंतर त्याच खुर्चीवर एक नवा मुलगा बसतो. तो एमएस-सीआयटी करून आलेला. पान अडकलं की एफ५ दाबायचं हे त्याच्या हातात बसलेलं आहे. ताईंना दिलं तर त्याचं जातं. पूर्वी मी यावर पाच मिनिटं घालवली नसती. नवं ते बरोबर म्हणून मुलाच्या बाजूनं निकाल दिला असता. शनिवारी रोजकीर्द बंद झाली की दोघांना एकत्र बसवून विचारणार आहे, आणि त्याआधी मागच्या स्टुलावर बसून त्या मुलाचे हातही बघणार आहे.